पेवातली निवडणूक

आमच्या पिंपरणीत पहिली निवडणूक कुणी घेतली, असं विचारलंत तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा माझं नाव सांगेल. आणि नाव सांगून हसेल. त्या हसण्याचं मला दुःख नाही. निवडणूक आम्ही घेतली, आणि अशी घेतली की पंचक्रोशीत कुणी घेतली नसेल. पण हसणाऱ्यानं सगळी हकीकत ऐकून हसावं, अर्धवट ऐकून दात काढू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. सांगली संस्थान आदल्याच वर्षी मुंबई प्रांतात विलीन झालं होतं. दरबारचे हुकूम बंद होऊन मामलेदार कचेरीचे हुकूम सुरू झाले. दरबारचा हुकूम चार ओळींचा असे. कचेरीचा तीन पानांचा, आणि वर 'सोबत जोडपत्र'. तर अशाच एका तीन पानी हुकमात असं आलं की पिंपरणीस ग्रामपंचायत व्हावी, एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाप्याला आणि बाईला मत असावं, आणि हे मतदान गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी घ्यावं. हेडमास्तर म्हणजे मी, गंगाधर मास्तर. शाळेत मास्तर दोनच असल्यामुळं हेडमास्तर होणं फारसं कठीण गेलं नव्हतं. तरी त्या दिवशी मी कोट घालून शाळेत गेलो, हे कबूल करतो.

शेजारचे विष्णुपंत ओट्यावरच बसले होते. संस्थानच्या खासगी खात्यात त्यांची हयात गेलेली. हुकूम वाचून त्यांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "गंगाधरराव, लोकांना विचारून राज्य चालतं होय? लोकांना विचारून पंगतीची भाजी ठरत नाही!"

"आता ठरेल, पंत," मी म्हणालो. कोट अंगात असला की माणसाला अशी उत्तरं सुचतात.

पंचायतीच्या जागा नऊ. आठ ठिकाणी मांडवली होऊन मंडळी बिनविरोध आली. चार दादासो पाटलांच्या बाजूची, चार कृष्णातच्या बाजूची. अडली ती नववी जागा. तिथं खुद्द दादासो आणि खुद्द कृष्णात समोरासमोर उभे. आणि हे सगळं कशावरून, तर विहिरीवरून. सरकारनं गावाला पिण्याच्या पाण्याची एक विहीर मंजूर केली होती आणि ती कुठं पाडायची हे पंचायतीनं ठरवायचं होतं. दादासोंचं म्हणणं, चावडीपुढं. म्हणजे त्यांनी सोप्यात बसल्या बसल्या पोहरा सोडला तरी भरून यावा अशा जागी. कृष्णात हा ब्रह्मदेशात लढून आलेला फौजी गडी. त्याचं म्हणणं, खालच्या आळीत. खालच्या आळीच्या बायका कृष्णेची सगळी चढण डोक्यावर दोन दोन घागरी घेऊन चढायच्या, आणि उन्हाळा आला की नदी आणखी लांब सरकायची. त्यामुळं नववी जागा ज्याची, त्याची विहीर. हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक होतं.

आता डबे. मतपेट्या कचेरीकडून यायच्या होत्या. त्यांच्याऐवजी पत्र आलं की पेट्या शिल्लक नसल्यानं रॉकेलचे रिकामे डबे झाकणाला फट पाडून वापरावेत. मतदार निरक्षर असल्यामुळं डब्यावर नाव घालू नये, रंग हीच ओळख समजावी. दादासोंचा लाल, कृष्णातचा पांढरा. तेलरंग कचेरीकडून मिळेल, आणि मिळेपर्यंत 'स्थानिक साधनांनी निभावून न्यावे'.

"तेलरंग येईपर्यंत थांबा," विष्णुपंतांनी सल्ला दिला.

"कधी येईल?"

"महादेवाच्या देवळाच्या दाराला संस्थानच्या वेळी मागवलाय. तो आला की त्याच्या पाठोपाठ येईल."

मी थांबलो नाही. स्थानिक साधनं म्हणजे गेरू आणि चुना. लाल डब्याला डिंक घालून गेरू फासला, पांढऱ्याला चुना. डबे असे सुरेख दिसायला लागले की आमच्या प्रमोदिनीबाई, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "मतदान झालं की एक मला द्या हो, ज्वारी ठेवायला." तिच्याकडूनच मी पडद्यासाठी जुनं नऊवारी मागून घेतलं. तिनं दिलं, पण बजावलं, "माझ्या लुगड्याआड निवडणूक करताय ना? मग पहिलं मत माझं." आणि खरंच, पिंपरणीच्या इतिहासात पहिलं मत तिनं टाकलं. पदर खोचून गेली आणि तशीच बाहेर आली. कुणाला टाकलं हे तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही. नियम म्हणजे नियम.

सकाळ छान चालली. दोन रांगा, बायकांची मोठी. आणि मग माझ्या लक्षात आलं की शाळेच्या फाटकाशी दादासोंचा पुतण्या मानसिंग मिशीला पीळ देत उभा आहे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला म्हणतोय, "रामराम, तात्या! हात बगू."

हात बघून हा काय करतो? मी पडद्यामागं जाऊन पांढऱ्या डब्याला बोट लावलं. बोट पांढरं. लाल डब्याला लावलं. बोट तांबूस. डिंक घालूनही! अख्खं गाव आपलं गुप्त मत बोटाच्या शेंड्यावर घेऊन बाहेर पडत होतं आणि मानसिंग फाटकाशी ते वाचत होता. लिहिता-वाचता न येणारा माणूस, पण त्या दिवशी भलताच साक्षर झाला होता.

तेवढ्यात आत आली बनुबाई. ही खालच्या आळीची, पाटलांच्या शेतावर रोजानं जाणारी. चिठ्ठी घेतली आणि तिथंच थबकली. हळूच म्हणाली, "मास्तर, त्यो मानसिंग बाहीर हात बगतुय. माजा रोज बुडला तर प्वारांस्नी काय घालू? मी आपली जाती माघारी."

आता सांगा, अशा वेळी काय करायचं? तीन पानी हुकमात बोटांबद्दल अक्षर नव्हतं. जोडपत्रातही नव्हतं. पण मास्तरकी काही वाया जात नाही. मी छाती काढून मोठ्यानं जाहीर केलं, "प्रत्येक मतदारानं दोन्ही डब्यांना दोन्ही हात लावायचे! चिठ्ठी एकातच टाकायची, हात मात्र दोन्हींना! हुकूम आहे!"

"कुनाचा हुकूम?" फाटकातून मानसिंग ओरडला.

"माझा!" मी म्हणालो.

बनुबाई पडद्याआड गेली. बाहेर आली ती दोन्ही तळवे लाल-पांढरे करून, आणि मानसिंगच्या नाकासमोर ते नाचवत म्हणाली, "बग रं बाबा, बग! नीट बग!" मग काय विचारता! गाव डब्यांना असं भिडलं की जसं काही रंगपंचमी. म्हाताऱ्या तर आधी दोन्ही डब्यांना नमस्कार करायच्या आणि मग चिठ्ठी टाकायच्या. मानसिंगनं दुपारी फाटक सोडलं. गुप्त मतदान असं सरकारनं कागदावर लिहिलं होतं, ते खरं करून दाखवलं बनुबाईनं आणि मी. हे मी कुठंही छातीठोकपणे सांगेन.

संध्याकाळी डबे लाखेनं बंद केले तेव्हा पांढऱ्या डब्याचा चुना बहुतेक गावाच्या हाताला गेला होता आणि आतला पत्रा उघडा पडला होता. गेरू डिंकामुळं बराचसा टिकला होता. उद्या सांगलीचा अधिकारी येऊन 'पांढरा डबा कुठाय?' म्हणाला तर? म्हणून मी सर्वांसमक्ष पांढऱ्या डब्याला चुन्याचा एक चांगला दाट हात दिला. यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

अधिकारी परवा येणार असा निरोप आला. दोन रात्री डबे ठेवायचे कुठं? यावर गावानं जे सल्ले दिले त्यात एक तालुका चालला असता. चावडीत? ती पाटलांची. मारुतीच्या देवळात? पुजारी कृष्णातचा मामा. शाळेत? शाळेच्या दाराला कडी नव्हती, आणि दारही एकच फळीचं. माझ्या घरी? प्रमोदिनी म्हणाली, "डबे आत आले तर मी वाईला माहेरी जाते." विष्णुपंतांनी सुचवलं की दोन्ही डबे संस्थानच्या राजवाड्यात पोचवावेत. संस्थान उरलं नाही हे त्यांना रोज सकाळी नव्यानं सांगावं लागे.

आणि मग मला ती कल्पना सुचली. पेव!

आमच्याकडच्या नदीकाठच्या मातीत हळद साठवायला जमिनीत पेवं खणतात, हे सांगायला नकोच. वर एक माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली खोलीएवढं पोट. तोंड बंद करून वर माती लिंपली की मुंगी शिरत नाही. आणि पेव चोरून उघडताच येत नाही. उघडलं की आत कोंडलेली हवा जाईपर्यंत वाट बघावी लागते, आधी कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. म्हणजे चोराला घटकाभर गावासमोर कंदील घेऊन बसावं लागणार. इतकी बिनतोड तिजोरी मुंबईच्या बँकेतही नसेल. आप्पासो अडत्यांचं एक पेव नुकतंच रिकामं झालं होतं. दादासो म्हणाले, "मास्तर, डोस्कं हाय तुमाला." कृष्णात म्हणाला, "एकदम फर्स्टक्लास, गुर्जी!" आयुष्यात दोन्ही पक्षांनी माझी एकदमच स्तुती केली ती तेवढीच.

डब्यांना ओरखडा उठू नये म्हणून मी आप्पासोंच्या वखारीतली दोन पोती मागवली, नीट झटकून घेतली, एकेक डबा एकेका पोत्यात घातला आणि दोरानं खाली सोडले. पेवाच्या तोंडावर माती लिंपली. त्या मातीवर दोघा उमेदवारांनी आपापल्या हाताचा पंजा उठवला. शिवाय विश्वास नको म्हणून दोघांनी तिथंच शेजारी शेजारी घोंगडी टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघायला गेलो तर दादासोंच्या चंचीतली तंबाखू कृष्णात मळत होता आणि दादासो त्याला विचारत होते, "व्हय रं, त्या ब्रम्हदेशात ऊस कसा अस्तुया?"

तिसऱ्या दिवशी अधिकारी आले. मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून, गोपाळकृष्णराव. कडक इस्त्रीची टोपी, हातात छत्री. त्यांना आधी शाळेत नेलं, मग पेवापाशी. ते म्हणाले, "मतपेट्या कुठं आहेत?" मी जमिनीकडं बोट दाखवलं. त्यांनी टोपी काढून परत घातली.

तोंड उघडलं. कंदील सोडला. विझला. परत सोडला, परत विझला. गोपाळकृष्णराव घड्याळ बघत म्हणाले, "मास्तर, मतपेट्यांना हवा कशाला लागते?"

"मतपेट्यांना नाही लागत साहेब. त्या आणायला जो उतरणार त्याला लागते."

सगळं गाव भोवती बसलं होतं. शेवटी कंदील टिकला, माणूस उतरला, पहिलं पोतं वर आलं. मी स्वतः त्याची गाठ सोडली. लाल डबा, जसाच्या तसा. मी गावाकडं अभिमानानं बघितलं. दुसरं पोतं सोडलं.

लाल डबा.

गेरूसारखा मळकट नव्हे. लालभडक, देवीच्या कपाळासारखा! मग बायकांच्या घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि पाठोपाठ सगळ्या आळीनं तोंडाला पदर लावला. ओला चुना आणि हळदीचं पोतं! चुन्यात हळद पडली की कुंकू होतं, हे आमच्याकडं पाळण्यातलं पोर जाणतं. मीही जाणतो. पण ज्ञानाचं हे असं असतं, पाहिजे तेव्हा हाताशी म्हणून येत नाही.

"पांढरा डबा कुठाय?" गोपाळकृष्णरावांनी विचारलं. अगदी याच शब्दांत.

मी कुंकवाच्या डब्याकडं बोट दाखवलं.

"हा लाल आहे."

"साहेब, हा पांढराच आहे. तो लाल झालाय." मी तळहातावर हळद घेतली, चुना घेतला, बोटानं मळून त्यांना कुंकू करून दाखवलं.

"मास्तर, मला शिकवू नका. माझ्याही घरी कुंकू लागतं. पण मी घरून नाही आलो, कचेरीतून आलोय. कागदात लाल एक, पांढरा एक. इथं लाल दोन, पांढरा नाही. कचेरीच्या कागदात गेरू आणि कुंकू असे रंग नाहीत."

तरी बिचाऱ्यांनी दोन्ही डब्यांतल्या चिठ्ठ्या मोजल्या. गेरूच्या डब्यापेक्षा कुंकवाच्या डब्यात अकरा मतं जास्त. आकडा ऐकला आणि मानसिंग टुणकन उठला, "त्यो लालभडक डबा आमचा! काकांचा डबा लाल हुता, समद्या गावाला ठावं हाय!"

"आरं खोटारड्या!" खालच्या आळीतून गलका उठला. कृष्णात दोन्ही हात वर करून आपल्या माणसांना थोपवत होता.

गोपाळकृष्णरावांनी छत्री आपटली. "वाद झाला तर निवडणूक रद्द! मग पंचायत मामलेदारसाहेब नेमतील, नऊच्या नऊ. दोघाही उमेदवारांनी कबूल केल्याशिवाय मी कुठला डबा कुणाचा हे लिहिणार नाही."

मामलेदार कुणाला नेमतील हे काय सांगायला पाहिजे होतं? आजवर जे बसत आले त्यांनाच. दादासोंना बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसले असते तरी विहीर चावडीपुढं आली असती. माझी अब्रू गेली ती गेलीच, तिचं काय एवढं, पण बनुबाई माझ्याजवळ आली आणि आपले तळवे बघत म्हणाली, "मास्तर, मग आमी हात लावलं त्ये फुकाटच व्हय?" खरं सांगतो, मला त्या वेळी रडू यायचं बाकी होतं. चुना मी लावला, पोतं मी मागवलं, पेव माझ्या डोक्यातून आलं, आणि गावाचं पहिलं मत मी मातीत घातलं.

तेव्हा दादासो पाटील उठले. पटका सारखा केला, सावकाश डब्यांपाशी आले. गेरूच्या डब्यावर हात ठेवला.

"ह्यो माजा," ते म्हणाले.

"काका!" मानसिंग किंचाळला.

"खाली बस! कुकू कशाचं हुतंय त्ये तुझ्या आयला जाऊन इचार."

गोपाळकृष्णराव गडबडले. "पाटील, नीट विचार करा. या डब्यात मतं कमी आहेत. हा तुमचा म्हटलात तर तुम्ही पडलात."

"मोजता येतंय की मला बी. सायेब, ह्या डब्यात किती चिठ्ठ्या निघाल्या?"

"एकशे चौऱ्याण्णव."

"एकशे चौऱ्यान्नव," दादासो म्हणाले आणि गावाकडं वळले. "आजपातूर मी कायबी म्हनलं की समदं गाव माना हलवायचं. मला कळायचं न्हाई, कोन मनापासनं हलवतंय आन् कोन भ्याल्यामुळं. परवा मास्तरनं समद्यांचं हात रंगवलं. सकाळचं चार हात सोडलं, तर कुनी कुनाला टाकलं, मला ठावं न्हाई, मानसिंगला ठावं न्हाई. भ्यायचं कारनच ऱ्हायलं न्हाई. तरीबी एकशे चौऱ्यान्नव मानसांनी माज्या डब्यात चिठ्ठी टाकली. ती माजी हक्काची मतं हायती. ती तुमी रद्द करनार? आन् मामलेदारानं नेमल्याली भीक मी घिऊ?" त्यांनी डब्यावर थाप मारली. हाताला गेरू लागला तो तसाच वर धरला. "लिवा सायेब. गेरूचा डबा दादासोचा, कुकवाचा कृष्णातचा. अकरा मतांनी मी पडलो."

गोपाळकृष्णरावांनी लिहिलं. लिहिताना त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली होती, हे मी पाहिलं. कृष्णात पुढं झाला, फौजी सलाम ठोकायला हात वर केला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, वाकून पाटलांच्या पाया पडला. विष्णुपंत माझ्या कानाशी म्हणाले, "गंगाधरराव, संस्थानच्या वेळी असं काही नव्हतं हो." आणि त्यांनी चष्मा पुसला. माझी छाती तेव्हा कोटात मावत नव्हती.

खालच्या आळीत विहीर झाली. कातळ लागला, सुरुंग लावावे लागले, पण पाणी लागलं ते असं गोड की बस! पहिला पोहरा बनुबाईनं ओढला. सगळं गाव पाणी प्यायला जमलं, आणि दादासोही आले. ओंजळीनं पाणी प्याले, मिशा पुसल्या आणि कृष्णातला म्हणाले, "ग्वाड हाय गड्या. पर पुढल्या खेपंला बगतो तुला. परत डबं मांडायचं हायेत न्हवं?"

"व्हय की, पाटील! मांडायचं म्हंजे मांडायचंच!"

मग ते माझ्याकडं वळले. "मास्तर, पुढल्या टायमाला डबं कुटं ठिवनार?"

"तेलरंग आला तरी आणि नाही आला तरी," मी ताठ मानेनं म्हणालो, "पेवातच."

"मग आमास्नी चुन्याचा डबा द्या," दादासो म्हणाले, आणि त्यांच्या हसण्यात सगळी खालची आळी सामील झाली. त्यात मीही होतो.